गडग्याबाहेरचा नारळ

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता आठवणीत एकमेकींत मिसळल्या आहेत. ही मात्र नाही. ही आठवली की आजही माझं डोकं तापतं.

रत्नागिरीत मी ठाण्याचा प्रभारी होतो. गौरी-गणपती नुकतेच उरकले होते आणि बंदोबस्ताने सगळ्यांचे पाय सुजले होते. सकाळची हजेरी चालू असतानाच एका बिल्डरच्या मॅनेजरचा फोन आला. शहरातल्या जुन्या अँग्लिकन चर्चच्या दफनभूमीला लागून त्यांचा प्लॉट होता. तिथे एक म्हातारी करणी करते आहे, नारळ-कुंकू सापडलं आहे, तिला ताबडतोब उचला, असं त्याचं म्हणणं.

'उचला' हा शब्द मला कधीच आवडला नाही. माणूस म्हणजे काय सिमेंटची गोणी आहे? तरी हवालदाराला घेऊन गेलो.

ती एक निवृत्त नर्स होती. चर्चमागच्या दोन खोल्यांत एकटीच राहायची. मांडीवर अनंताची फुलं घेऊन ओल्या मातीत बसली होती.

"बाई, इथे काय करताय?"

"माझ्या मुलीजवळ बसलेय. लहान होती, तापात गेली. गणपतीत मी मुंबईला भावाकडे होते. काल येऊन बघते तर गडगा आत सरकलेला, मुलगी बाहेर राहिलेली आणि तिच्या नावाचा दगड गायब. आता तुम्ही मलाच पकडायला आलात. पकडा!"

मॅनेजर हसला. "साहेब, गडगा पूर्वीपासून इथंच आहे. आम्ही फक्त डागडुजी केली. ही मोकळी जमीन आहे, इथं कसली कबर?"

गडगा म्हणजे जांभ्याचे चिरे नुसते रचून केलेली कुंपणाची भिंत. मी दोन चिरे हलवून पाहिले. सांध्याच्या आतल्या बाजूलाही शेवाळ होतं. उजेडच पोचत नाही तिथे शेवाळ धरेल कसं? भिंत उचकटून पुन्हा रचलेली होती.

मग मॅनेजरने त्याचा पुरावा दाखवला. एका कलत्या चिऱ्याखाली फोडलेला नारळ, कुंकू आणि अर्धी जळलेली मेणबत्ती.

"नारळ माझा नाही, मेणबत्तीही नाही," बाई म्हणाल्या. "आमच्यात कबरीवर नारळ फोडत नाहीत."

तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या कोकणात जमिनीला हात लावण्याआधी तिथल्या राखणदाराला, म्हणजे जागेच्या रक्षक देवतेला, नारळ देऊन गाऱ्हाणं घालतात, परवानगी मागतात. पण त्यासाठी मेणबत्ती कोणी लावत नाही. हे ज्याने ठेवलं, त्याला खाली ख्रिश्चन माणूस पुरलेला आहे हे पक्कं ठाऊक होतं.

ठाण्यात परततो तोच वरिष्ठांचा फोन. "दिवाणी बाब आहे. तिला कोर्टात जायला सांगा आणि मोकळे व्हा."

"सर, तसा लेखी आदेश द्या."

फोन आपटला गेला. तो आदेश आजतागायत आलेला नाही.

डागडुजी करणाऱ्या गवंड्याला चौकशीला बोलावलं. आरडाओरडा हा आळशी अधिकाऱ्याचा मार्ग. मी चहा मागवला आणि एकच प्रश्न विचारला. "गाऱ्हाणं कोणाला घातलंस रे? मोकळ्या जमिनीला?"

त्याने भरलेली बशी खाली ठेवली.

"सायेब, शेट बोल्ला, गनपतीत सगळी आपापल्या घरात असतात, तेवड्यात गडगा आत घ्या नि तो दगड फोडून टाका. पन कुनाचा तरी पोर हाय तिथं. न ईचारता कसा हलवू? आमच्या रीतीनं नारळ दिला, त्यांच्या रीतीनं मेनबत्ती लावली."

"आणि दगड?"

"नाय फोडला. घरी हाय."

पंचांना घेऊन त्याच्या घरी गेलो. पडवीत गोणपाटावर दगड उभा होता, मुलीचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. समोर निरांजन तेवत होतं. गवंड्याची बायको पुढे आली नि म्हणाली, "लेकराला काळोखात कसा ठेवू, सायेब?" माझ्याबरोबरचा हवालदार तोंड फिरवून अंगणात गेला.

पंचनामा केला आणि दफनभूमीत घुसून विटंबना केल्याचा गुन्हा दाखल केला. बिल्डर आणि मॅनेजर दोघांनाही अटक झाली. जामिनावर सुटल्यावर त्यांचा माणूस बाईंकडे गेला. दुसऱ्या कोपऱ्यात संगमरवरी कबर बांधून देतो, तक्रार मागे घ्या, म्हणाला. बाई तडक ठाण्यात आल्या. "माझी पोर काय कपाट आहे, या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकवायला?"

पुढे कोर्टाच्या हुकमाने गडगा मूळ जागी गेला. चिरे त्याच गवंड्याने रचले, बाईंनीच तसा हट्ट धरला होता. समोर खुर्ची टाकून त्या बसून राहिल्या आणि शेवटचा चिरा बसल्यावरच उठल्या.

माझी लवकरच बदली झाली. होऊ दे. कायद्याला न घाबरणारा माणूसही कशाला तरी घाबरतोच आणि तपास तिथून सुरू करावा, हे मी या केसमध्ये शिकलो. 'दिवाणी बाब' म्हणून आपण किती बायाबापड्यांना दारातून परत पाठवतो, तेही शिकलो. त्यानंतर माझ्या ठाण्यात ते शब्द जागेवर जाऊन आल्याशिवाय कोणी उच्चारले नाहीत.

खटला अजून चालू आहे. समन्स आलं की मी एसटी पकडून साक्षीला जातो. मागच्या तारखेला आरोपीचे वकील मला बाहेर गोडीत म्हणाले, "साहेब, या वयात कशाला दगदग करता?"

बाई बाकावर बसल्या होत्या, मांडीवर फुलांची पिशवी. मी तिकडे बोट दाखवलं.

"त्या यायच्या थांबल्या की मी थांबेन."

त्या हसल्या आणि सरकून त्यांनी मला बाकावर जागा करून दिली.