साहेबाच्या बंगल्याचा मागचा जिना

बडनेऱ्याला गाडी हलली तेव्हा आई खिडकीचा गज धरून चार पावलं चालली. म्हणाली, "नव्या घरात समोरच्या दारानं जा गं. उजवं पाऊल आधी." बाबा मागून ओरडले, "बंगल्यात राहणार आहेस, नशीब काढलंस पोरी!" तुम्ही भावंडं हात हलवत होतात. हावडा येईपर्यंत मी त्या बंगल्याचीच स्वप्नं बघत होते.

समोरच्या दारानं मला त्यात शिरताच आलं नाही.

हे कस्टममध्ये होते. खिदिरपूरच्या गोदीजवळच्या त्या बंगल्याचा वरचा मजला सरकारनं अधिकाऱ्यांसाठी भाड्यानं घेतला होता. खाली मालकीणबाई राहायच्या, मिस बेली. साठी उलटलेली, एकटी बाई. तिच्या तागवाल्या बापानं विलायतेतल्या आपल्या खेड्यातलं घर आठवून आठवून हे बांधलं होतं. उतरतं छप्पर, बुटकी छतं, बारक्या चौकोनी काचांच्या खिडक्या आणि खोलीखोलीत शेकोटी. कलकत्त्यात शेकोटी! मे महिन्यात घामानं निथळत मी पोळ्या लाटायची आणि त्या मेलेल्या साहेबाला शिव्या घालायची. घरची आठवण त्याला आली, शिक्षा मात्र मला.

आम्ही पहिल्यांदा ट्रंका घेऊन पोर्चमध्ये उभे राहिलो तर बाई आतूनच म्हणाली, "पीछे से." मधला रुंद सागवानी जिना तिनं कुलूप घालून बंद केला होता. आमच्यासाठी मागचा लोखंडी गोल जिना, पूर्वी मेहतर वापरायचे तो. ह्यांनी मुकाट्यानं ट्रंक उचलली. "दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. भांडण नको."

पुढच्या पावसाळ्यात मला सातवा महिना होता. एका सकाळी त्या ओल्या पायऱ्यांवरून माझा पाय सटकला. कठडा हाती लागला म्हणून वाचले, पण कोपर फुटलं. काही वेळ तिथेच बसून रडले. मग वर गेले, पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि मधल्या जिन्याच्या दाराचं कुलूप तोडलं.

आवाजानं बाई धावत आली. "दिस इज माय फादर्स हाउस!" ती ओरडली.

"असेल. मी इथूनच उतरणार," मी मराठीतच म्हटलं. शब्द तिला कळले नसतील, वरवंटा कळला. ती बाजूला झाली. मी समोरच्या दारानं बाहेर गेले, वळले आणि परत आत आले. उजवं पाऊल आधी.

तिनं तक्रार केली. ऑफिसातल्या साहेबांनी ह्यांना बोलावून झापलं, पण कुलूप काही परत लागलं नाही. त्या दिवसापासून आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मी जिना उतरायला लागले की ती आपलं दार धाडकन लावायची. मुलगी झाली तेव्हाही तिनं डोकावून बघितलं नाही.

मग बंगला विकला गेला. विलायतेला जायला निघताना ती टॅक्सीवाल्याशी बंगालीत बोलत होती, अगदी इथल्यासारखी. विलायत तिनं आयुष्यात पाहिली नव्हती, हे त्या बोलण्यातून मला तेव्हा कळलं. तिथं तिचं कोण होतं, देव जाणे. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. पुढे बंगला पाडला तेव्हा मी मुलीला कडेवर घेऊन मुद्दाम बघायला गेले होते.

ह्यांनी नंतर बदली मागितली नाही, आम्ही इथेच राहिलो. पण कलकत्त्यावर माझं प्रेम बसलं असं समजू नका. इथली घुसमट, मोर्चे, तासन्‌तास जाणारी वीज, सगळ्याचा अजून संताप येतो. मुलगी मराठी बोलते तीही बंगाली हेल काढून.

यंदा माहेरी अमरावतीला आले होते ना, तेव्हा आई म्हणाली, "अजून राहा थोडी." मी सहज म्हणून गेले, "नको गं, आता घरी जायला हवं."

आई माझ्याकडे बघतच राहिली. मीही शब्द मागे घेतला नाही.