गायरानातला शाळू

येरमाळ्याच्या अलीकडं, डोंगराच्या उतारावर गायरान आहे. तिथं पारध्यांची काही घरं होती. आमची संस्था लहानशी. गायरान कसणाऱ्या अशा कुटुंबांना बियाणं, शेळ्या, जमेल ते पुरवायची. मी धाराशिवहून एसटीनं जायचे. नोकरी धरली तेव्हा वडील म्हणाले होते, "पारध्याला बी दिलं तर पेरंल का खाईल?" आमचं रान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, त्यामुळं घरात हा प्रश्न कुणाला वावगा वाटला नाही.

वस्तीच्या टोकाला एक म्हातारं जोडपं राहायचं. मी त्यांना बाबा आणि मावशी म्हणायचे. बाबांची उमर तितर-ससे धरण्यात गेलेली. शिकारीवर बंदी आली तशा मावशी गावात भाकरी मागायला जाऊ लागल्या. एकुलती लेक लग्न होऊन बार्शीकडं गेली होती. दोघांनी मिळून गायरानाचा एक तुकडा साफ केला, निघालेल्या दगडांचा बांध घातला. आम्ही त्यांना रब्बीच्या ज्वारीचं, शाळूचं, बी आणि दोन-तीन शेळ्या दिल्या.

परतीचा पाऊस चांगला झाला आणि शाळू माणसाच्या वर गेला. संक्रांतीनंतर गेले तर मावशींनी शेतातच आगटी पेटवली आणि कणसं भाजून हुरडा माझ्या पुढ्यात ठेवला.

"खावा ताई. आजवर दुसऱ्याच्या दारची भाकर खाल्ली. कुणी ताजी द्यायचं, कुणी शिळी. औंदा घरची खाऊ."

बाबा गोफण घेऊन मचाणावर बसले होते. त्यांना तितराची हुबेहूब हाळी देता यायची. मी म्हटलं, एकदा ऐकवा. ते हसले. "पयले बोलवायचो पाखरं, आता हाकलाय बसलोय. आता हाळी दिली तर तुमची मावशी उपाशी ठेवंल मला."

काढणीला सुरुवात झाली त्याच सुमारास शेजारच्या गावात घरफोडी झाली. सकाळी मावशींचा फोन आला.

"ताई, ह्यांना नेलं. रानातनं नेलं. हातातला शाळूबी खाली ठेवू दिला न्हाय."

मी पोचले तेव्हा वस्तीतले बाकीचे पुरुष डोंगरात निघून गेले होते. मावशींना घेऊन ठाण्यावर गेले. मावशी फाटकाबाहेरच उकिडव्या बसल्या. "म्या आत आले तर मलाबी ठेवतील," एवढंच म्हणाल्या. आतला हवालदार माझ्याशी नीट बोलला. "मॅडम, फक्त चौकशी हाय. पण तुम्ही कशाला ह्या लोकांत पडता?"

बाबांना मला भेटू दिलं नाही.

इकडं शाळू वाळून चालला होता. गावातून कुणी मजुरीला यायला तयार होईना. शेवटी वस्तीतल्या बायका, मावशी आणि मी उपटायला लागलो. माझ्या तळहाताला फोड आले. मावशींनी स्वतःच्या लुगड्याची चिंधी फाडून बांधली. अर्धं रान झालं असेल, आणि दुपारी आभाळ भरून आलं. अवकाळी पावसाबरोबर गारा पडल्या. उभं पीक झोपलं. उपटून ठेवलेलं भिजलं आणि काळं पडलं. मावशी रडल्या नाहीत. ओली कणसं पदरात घेऊन एकेक दाणा दाबून बघत बसल्या.

पुढं चोरी घरमालकाच्याच भाच्यानं केल्याचं निघालं. बाबांना सोडलं. ते लंगडत आले. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तसं विचारायची माझी हिंमत झाली नाही. वस्तीवर येऊन कुणी चुकलं म्हणालं नाही.

काळ्या ज्वारीच्या कडवट भाकरीवर त्यांनी उन्हाळा काढला. मृगाच्या आधी मी पुन्हा बियाण्याचं विचारायला गेले. बाबा दारात बाजेवर होते, अंगानं अर्धे झालेले.

"न्हाय ताई," ते म्हणाले. "डोंगरात होतो तवा कुणाला घावत न्हवतो. रान केलं आन् घावाय लागलो. पीक टाकून पळता येत न्हाय माणसाला."

आम्ही त्यांना एका जागी स्थिर करायला निघालो होतो. त्यात भ्यायचं काय असतं, हे मला आधी सुचलंच नव्हतं.

पावसाळ्यात त्यांना खोकला लागला. सरकारी दवाखान्यात चला म्हणून मी दोनदा विनवलं. तिथं नाव-गाव लिहून घेतात, म्हणून गेले नाहीत. भादव्यात वारले. निरोप मला उशिरा मिळाला. मी पोचले तेव्हा माती देऊन झाली होती आणि मावशी शेळ्यांना पाला टाकत होत्या.

"तुमी बसा ताई," त्या म्हणाल्या. "ह्या सकाळधरनं उपाशी हायत्या."

त्यानंतर कामानं मी काही दिवस दुसऱ्या तालुक्यात होते. रब्बीचं बी वाटायला वस्तीवर गेले तेव्हा मावशींचं दार दोरीनं बांधलेलं दिसलं. शेजारीण म्हणाली, "लेकीकडं गेल्या. शेळ्या मला दिल्या. परत येतील असं न्हाय वाटत."

त्यांच्या रानात कुसळी गवत माजलं होतं. पिशवी उचलून मी पुढच्या घरी गेले.