न मारलेलं प्यादं

“अरे मार की ते प्यादं! डोळे फुटले का तुझे?” हिंगोलीच्या त्या हॉलमध्ये मागून एक जण असा ओरडला, की छतातली कबुतरं थेट वाशिमला जाऊन बसली असतील. पंचांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. समोर बसलेले भानुदासभाऊ गालात हसले. आणि मी? मी मान खाली घातली.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. म्हणजे — सांगितली शंभरदा, पण खोटी. त्या डावातला माझा प्रतिस्पर्धी आधी परभणीचा होता, मग पुण्याचा झाला, गेल्या दिवाळीत तर तो रशियाहून आला. एवढंच कधी बोललो नाही, की तो आमच्या कनेरगाव नाक्याचा शिंपी होता — आणि मात करायला मला शिकवलं ते त्यानंच.

कापड बेतायच्या टेबलावर खडूनं आखलेली चौसष्ट घरं, बटनांच्या सोंगट्या, कोटाची दोन मोठी बटनं म्हणजे हत्ती. “बापू, कोळपं धरल्यावानी ओळीओळीनं चालायचं. एक हत्ती ओळ अडवतो, दुसरा शह देतो. राजा धुऱ्याला, पटाच्या कडेला लागला की झालं.” मग वजिराची मात. मग एकट्या हत्तीची — ती यायला मला दोन हंगाम लागले. भाऊ एकदाही वैतागले नाहीत. खरं सांगू? इतक्या मायेनं मला घरच्यांनीसुद्धा काही शिकवलं नाही.

आमच्याकडं खेळात बुर्जी धरतात. समोरच्याचं शेवटचं प्यादं मारलं, राजा एकटा उरला, की डाव बरोबरीत. म्हणून एक प्यादं जिवंत ठेवूनच मात करायची. हिंगोलीच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत आम्ही दोघंच समोरासमोर आलो. जिंकेल तो संभाजीनगरला खेळायला जाणार. जगाचे कपडे शिवणाऱ्या भाऊंनी त्यासाठी पहिल्यांदा स्वतःला नवा शर्ट शिवला होता. बसण्याआधी त्यांनी मला विचारलं, “बापू, इथं बुर्जी धरतेत का रे?”

दाराजवळ नियमांचा कागद होता. मी वाचला होता. एकट्या राजावरही मात चालते — स्वच्छ लिहिलं होतं.

“धरतेत की,” मी म्हणालो.

शेवटी त्यांच्याकडं हत्ती, माझ्याकडं ते एक प्यादं. मारलं असतं, तर मी संपलोच होतो. त्यांनी ते जपलं — माझं प्यादं, आपलंच लेकरू असल्यासारखं — आणि त्यांची मात जुळेपर्यंत ते एकेक घर चालत पार टोकाला गेलं. त्याचा वजीर झाला, हत्ती पडला, भाऊ हरले.

काहून बोललो तसं? घाई नव्हती, भीती नव्हती. मला त्यांना हरवायचं होतं. सरळ खेळून ते जमणार नव्हतं.

भाऊ पुढं लेकीकडं राहायला गेले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. बाजाराच्या दिवशी तिथून जाताना पाय अजून अडतात — आतून हाक येईल वाटतं, “बापू, मांड!” फोनवरच्या बुद्धिबळात मी रोज जिंकतो. एकट्या हत्तीची मात डोळे मिटून करतो. दाखवू कुणाला?

त्या दिवशी परतीच्या एसटीत मात्र ते शेजारीच होते. शर्ट चुरगळू नये म्हणून ताठ बसलेले. पंचांनी एव्हाना त्यांना नियम समजावून सांगितला होता. अर्ध्या वाटेत मी म्हणालो, “भाऊ, ते बुर्जीचं —”

खिडकीबाहेर बघतच ते म्हणाले, “जाऊ दे. तुला तरी कुठं माहीत होतं.”