मास्तरांची कंबर

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाई मशीनवरचे. अंगानं काडी. मनगट असं की कात्री उचलली तर हात निखळून पडेल की काय, असं वाटावं. पोट मात्र शर्टाखाली गपचूप बसलेलं, चोरून दूध प्यालेल्या मांजरीसारखं. पण मास्तरांचं लक्ष पोटाकडे नव्हतं, शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या यंत्राकडे होतं.

त्या यंत्रावर उभं राहिलं की वरून दांडी येऊन डोक्याला टेकायची आणि खालून चिठ्ठी निघायची. उंची, वजन, आणि त्या दोन्हींचा हिशोब करून काढलेला बीएमआय. आकडा बेताचा असला तर चिठ्ठीवर हिरवा पट्टा, फार वर गेला तर लाल. लग्नात होतं तेवढंच वजन मास्तरांचं अजून होतं. दर महिन्याला हिरवा पट्टा घेऊन यायचे आणि आरशाच्या चौकटीत खोचायचे, गिऱ्हाइकाला दिसेल असा.

मास्तरीणबाई हाडापेरानं दणकट. कापडाचा तागा खांद्यावर टाकून जिना चढायच्या. इस्त्री, काज-बटणं, उसवाउसवी सगळी त्यांच्याकडे. त्यांची चिठ्ठी लालभडक.

"सिग्नल लाल आहे," मास्तर म्हणायचे. "गाडी थांबव. ताट बाजूला कर."

"माझी गाडी थांबली तर तुमचं दुकान ढकलायला कोण येणार? काडी?"

बायकोला टोमणे मारणारा हा माणूस गिऱ्हाइकाशी मात्र लोण्यासारखा. पोट सुटलेला कुणी माप द्यायला आला की टेप लावायचा, आकडा मनात धरायचा आणि तोंडानं दोन इंच कमी सांगायचा. कापताना बरोबर मापानं कापायचा. वर मागच्या शिवणीत बोटभर जादा कापड दुमडून ठेवायचा. शिंपी त्याला माया म्हणतात. उद्या पोट आणखी वाढलं तर शिवण उसवायची, कापड सोडायचं, पुन्हा टीप मारायची. गिऱ्हाईक खूश, धंदा खूश.

स्वतःची पँट मास्तर पुठ्ठ्याच्या जुन्या नमुन्यावरून कापत. लग्नाच्या वेळी काढलेला नमुना, खिळ्याला टांगलेला. दरवेळी तोच. आणि पँट दरवेळी बसायची. आणखी काय पुरावा पाहिजे?

मधल्या काळात मास्तरांना तहान फार लागायला लागली. त्यांनी उन्हाळ्याला दोष दिला. उन्हाळा गेला, तहान राहिली, मग इस्त्रीच्या वाफेला दिला. पावलं बधिर झाली तेव्हा म्हणाले, "पायडल मारून मारून बैलाचे खूर झालेत."

एका दुपारी मास्तरीणबाई केर काढत होत्या. पायडलवर रक्ताचे डाग.

"अहो, पाय वर करा."

"का? उंदीर आलाय?"

"करा म्हणते ना!"

करंगळीच्या बुडाशी टाचणी डोक्यापर्यंत रुतलेली. मास्तरांनी ती उपटली, निरखली, हसले. "चांगली आहे की, वाकलीसुद्धा नाही." बाई हसल्या नाहीत. टोचलेलं कळलंच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

जखम भरेना. करंगळी सुजून काळी पडत चालली तेव्हा बाईंनी दुकानाला कुलूप लावलं आणि नवऱ्याला डॉक्टरणीकडे नेलं. मास्तरांनी आत गेल्या गेल्या खिशातली चिठ्ठी पुढे केली.

"माझं सगळं हिरवं आहे. तपासायचं तर हिला तपासा."

डॉक्टरणीनं दोघांचंही रक्त तपासलं. बाईंची साखर ठीक निघाली. मास्तरांची इतकी चढलेली की डॉक्टरणीनं ती पुन्हा मोजली.

"करंगळी वाचायची नाही. पाय वाचवायचा असेल तर आजपासून मी सांगेन तसं वागायचं."

"पण मी बारीक आहे!"

"गळ्यातला टेप द्या."

तिनं बेंबीवरून टेप फिरवला. "कंबर किती तुमची?"

"एकतीस."

"इथे सदतीस दिसतंय."

"तुम्हाला धरता येत नाही, बाई. टेप वाकडा झालाय." मास्तरांनी टेप हिसकावला, सरळ केला, श्वास सोडला आणि खाली पाहिलं. सदतीस. आयुष्यभर ज्या टेपावर पोट भरलं, त्याला खोटं कसं म्हणणार? ते बायकोकडे वळले.

"मग माझ्या पँटी बसतात कशा?"

"मी शिवण उसवते, आतलं कापड सोडते."

"कधीपासून?"

"कितीतरी वर्षं झाली. गिऱ्हाइकाला तुम्ही कमी आकडा सांगता ना, जिवाला बरं वाटावं म्हणून? तसंच. मागच्या पँटीत सोडायला कापडच उरलं नाही, तेव्हा पट्टी जोडली."

डॉक्टरणीनं चिठ्ठी परत दिली. "आकडा बरोबर आहे. शंभर माणसं रांगेत उभी करून चाळायची तर कामाचा आहे. पण वजन कुठे बसलंय ते त्याला दिसत नाही. तुमच्या हातापायांचं मांस गेलं आणि पोटावर चरबी आली. बेरीज तेवढीच."

बाईंना जरा हुरूप आला. "म्हणजे माझा लाल खोटा!"

"खोटा कशानं? साखर नाही म्हणून सुटलात. जिना चढताना गुडघे काय म्हणतात?"

बाईंनी पदर सारखा केला आणि भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

करंगळी गेली. पाय राहिला. औषधं सुरू झाली, साखरेचा चहा बंद झाला. मास्तर चालायला जाऊ लागले, आधी कुरकुरत, मग सवयीनं. मशीनवर आता बूट घालून बसतात. संध्याकाळी बाई हातआरसा जमिनीवर ठेवतात आणि मास्तर त्यावर पाऊल धरून तळवा तपासतात.

दुकान उघडल्यावर पहिल्याच दिवशी मास्तरांनी पुठ्ठ्याचा नमुना खिळ्यावरून काढला आणि टेप बायकोच्या हातात दिला. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसलेली. बाईंनी टेप फिरवला.

"सदतीस!"

"अगं, हळू."

"सदतीस," बाई पुन्हा म्हणाल्या, तेवढ्याच मोठ्यानं.

बाकावरच्या जाड्या गिऱ्हाइकानं हळूच आपलं पोट आत ओढलं. मास्तरांनी खडू उचलला आणि नव्या पुठ्ठ्यावर रेघ मारली.