पाय जोडून

किसनसिंग दारव्ह्याकडच्या एका तांड्यातला कंत्राटी वायरमन. कापसाच्या नापिकीनं घरोघरच्या दावणी रिकाम्या केल्या त्या वर्षांतली ही गोष्ट. त्याच्याही दावणीला एकच बैल उरला होता. पण डोक्यात खूळ वेगळंच: तार तुटून पडली तर जिवंत कसं निघायचं, ते साऱ्या तांड्याला शिकवायचं.

“पडल्या तारेजवळ वल्या मातीत विजेचा दाब जास्त, दूर दूर कमी,” तो देवळासमोर सांगायचा. “पाय फाकले, की एका पायाखाली जास्त, दुसऱ्याखाली कमी. त्या फरकाच्या जोरावर वीज एका पायातून चढते अन् दुसऱ्यातून उतरते. पाय जोडले तर फरकच नाही, मंग तिले ढकलीन कोण? उड्या मारत निंगा.” आणि हा बाबा खरंच बेडकासारखा उड्या मारत देवळाला वळसा घालायचा.

पुरुष हसत हसत शिकले. बाया नाही शिकल्या. सासऱ्यादेखत सुनेनं उड्या मारायच्या? त्याच्या आईनं, मानीबाईनं, त्याला ठणकावलं, “तुले लाज नाही, तिले हाये.” बायकोला, सुखीबाईला, त्यानं घरात दार लावून शिकवलं. तिला सगळं पटलं. जळो ती लाज, पण दार उघडताच ती परत आलीच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी पाऊस उघडला. बैलाचे खांदे शेकायला सुखीबाई हळद-तुपाची वाटी घेऊन गेली. ती बैलापासून चार हातांवर उभी होती, तेवढ्यात खांबावरची तार तुटून बैलाजवळच्या ओल्या मातीत पडली. बैलाचे पुढचे-मागचे पाय लांब लांब, तो जागीच कोसळला. सुखीबाईचे पाय जुळलेले होते. तिला काही झालं नाही.

किसनसिंग धावत आला आणि वीस पावलांवर थबकला. लाइन बंद करायला फोन लावला, पलीकडून कोणी उचलेना.

“सुखी, पाय जोडूनच ठेव. उड्या मारत ये माह्याकडं.”

तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग ओट्याकडं पाहिलं. तिथं सासरा खेमसिंग चार म्हाताऱ्यांसोबत उभा होता. तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि सुनेनं चालावं तशी, खाली मान घालून, एक पाऊल टाकलं. दुसरं टाकायला ती उरली नाही.

तिसऱ्या दिवशी बाया बसायला आल्या. मानीबाई रडत रडत सांगत होती, “लाखाची सून होती माही. मरतानाही पदर ढळू देल्ला नाही.”

किसनसिंगनं दारातून ते ऐकलं. 

बायांनी माना डोलावल्या. त्यांच्या मागं त्यांच्या सुना बसल्या होत्या, त्यांनीही डोलावल्या.