करपेमामांचा हातभार

करपे हे मामांचं आडनाव नाही. भट्टीतून निघालेला करपलेला पाव ते टाकत नाहीत, कुणाला देत नाहीत, स्वतः खातात; म्हणून गल्लीने त्यांचं हे नाव पाडलं. एखाद्या दिवशी सगळेच पाव नीट भाजले गेले की माणूस कासावीस होतो आणि एक पाव मुद्दाम भट्टीत विसरतो, असं मामी सांगतात.

चर्चमधल्या प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या बलिदानाची आठवण म्हणून सगळ्यांनी वाटून खायची, भाकर मामांच्याच बेकरीतून जाते. मऊ, देखणी, चारचौघांत कौतुक व्हावं अशी. पण ताट फिरत फिरत मामांपाशी आलं, की दुसऱ्याचं पार्सल चुकून आपल्या दारात आल्यासारखं ते घाईघाईने शेजारी बसलेल्या माझ्याकडे सरकवतात. ते मोडलेल्या भाकरीकडे बघतसुद्धा नाहीत.

कारण जुनं आहे. तरुणपणी एका दुपारी मामा भट्टी पेटवून पिठाच्या पोत्यांवर आडवे झाले, डोळा लागला आणि बेकरी जळाली. वडिलांनी आधीच बजावलं होतं, आणखी एक घोळ केलास तर घराबाहेर. ते धावत आले तेव्हा मोठी बहीण पुढे झाली. "भट्टी मी पेटवली होती, बाबा," म्हणाली. वडिलांनी तिला हात लावला नाही, आवाज चढवला नाही. फक्त बोलणं बंद केलं, ते वारेपर्यंत. ती लग्न होऊन घराबाहेर पडली तेव्हाही ते आतल्या खोलीतच बसून राहिले. आणि मामांनी तोंड उघडलं नाही.

मग मामांनी स्वतःच स्वतःला शिक्षा ठोठावल्या. चहात साखर नाही. चर्चमध्ये पंख्याचा वारा पोचत नाही अशा खांबामागची जागा. आणि दर शनिवारी सगळ्यांत चांगला पाव बस कंडक्टरच्या हाती ताईकडे. स्वतः मात्र कधीच जायचं नाही.

पाळकसाहेबांनी एकदा त्यांना गाठलं. "मामा, आपल्या पापांसाठी ख्रिस्ताने जीव दिला. त्यात काही कमी पडलं का?"

"छे छे, कमी कसं पडेल! मी आपला थोडा हातभार लावतो."

"देवाला?"

"एकट्याने किती ओढायचं त्यांनी?"

पाळकसाहेब डोक्याला हात लावून निघून गेले. मामा माझ्याकडे वळले. "वधस्तंभाची गोष्ट सुरू झाली की तुम्हाला प्रभू दिसतो. मला भट्टीपुढे उभी राहिलेली ताई दिसते. आग विझवताना एका बाजूचे केस जळालेले. तिने एकदा म्हणावं, जा रे, केलं माफ. बस. पण मागायला तोंड कुठलं आणू?"

अशात ताईंचा मामींना फोन आला. डॉक्टरांनी त्यांचा पाव बंद केला होता. "त्याला म्हणावं, आता पाव पाठवू नकोस, स्वतः ये. आणि रिकाम्या हातांनी ये. पिशवी दिसली तर दार उघडणार नाही."

मामांच्या पायाखालची जमीन सरकली. "रिकाम्या हातांनी? मग हात ठेवू कुठे?"

"खिशात," मामी म्हणाल्या.

"थोडी बिस्किटं?"

"पाव बंद म्हणजे बिस्किटं सुरू, असं असतं का हो?"

स्कूटर माझी, म्हणून पहारेकरी म्हणून माझी नेमणूक झाली. वाटेत मामांनी फळांच्या दुकानापाशी, फुलांच्या दुकानापाशी आणि एका उशांच्या दुकानापाशी मला थांबायला सांगितलं. उशी! मी गाडी थांबवली नाही. मागे बसलेला माणूस दर वळणावर जास्त जड होत होता.

ताईंनी दार उघडलं. आधी भावाचे हात पाहिले, पालथे करून पाहिले, मग आत घेतलं. खोली लहान, खिडकीशी शिवणयंत्र, भिंतीलगत टाकलेली घडीची खाट. मामा बसेनात.

"ताई, ती भट्टी..."

"मला काय सांगतोस? मी तिथेच होते."

"मला माफ कर."

"केलं की. तेव्हाच केलं."

मामा चक्क चिडले. "तेव्हाच? मग सांगितलं का नाहीस?"

"तू आलास का विचारायला? पाव यायचा. पावाला काय सांगू?"

"याची भरपाई कशी करू, ते तरी सांग."

"भरपाई केलीस तर मी केलं ते फुकट गेलं म्हणायचं. तू घरात राहावास म्हणून केलं मी. राहिलास. झालं!"

मामा खाटेवर बसले. मग म्हणाले, "बाबांना मी सांगायला हवं होतं."

इथे ताई हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. "हो," म्हणाल्या, "हवं होतं. माफ केलं म्हणजे दुखलं नाही, असं नाही रे. रोज वाटायचं, आज हाक मारतील. अजून वाटतं. खुळी आहे मी."

मामा मान खाली घालून रडत होते. ताईंनी पदराने त्यांचे डोळे पुसले आणि एकदम म्हणाल्या, "तुझा आवाज अगदी त्यांच्यासारखा झालाय. मारशील का एकदा हाक? ते मारायचे तशी, दारातून?"

"ताई, मी कोण हाक मारणारा..."

"मागतेय ना मी?"

मामा उठले, जिन्यात गेले. पहिल्यांदा नुसता खोकला आला. शेजारच्या बाईंनी दार उघडून पाहिलं आणि लावून घेतलं. मग मामांनी उंबऱ्याबाहेरून, घसा ताणून, थोड्या दटावणीच्या सुरात हाक मारली, "पोरी! कुठे आहेस गं?"

ताई शिवणयंत्रापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या वळल्या नाहीत.

"इथेच आहे, बाबा," त्या म्हणाल्या. "इथेच आहे."