ऑइलचा दम

चारकोपच्या गॅरेजसमोर आज इंजिन ऑइलचा वास आला आणि बाबांची जुनी मोटारसायकल आठवली. एकदा तिची किक फारच हलकी लागत होती, म्हणून त्यांनी इंजिनाचा स्पार्क प्लग काढला.

"भोकावर अंगठा दाबून धर गं," म्हणत त्यांनी किक मारली. अंगठ्याला जेमतेम फुंकर लागली.

"दमच नाही राहिला इंजिनात," बाबा पुटपुटले. मग आत चमचाभर ऑइल सोडलं. पुढच्या किकला अंगठा उडालाच.

"दम आला!" मी ओरडले.

"ऑइलचा दम तो. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, टिकणार नाही," धापा टाकत बाबा सीटवर टेकले.

पुढे हॉस्पिटलात ऑक्सिजन लावल्यावर त्यांचा चेहरा जरा खुलला. आई म्हणाली, "बघ, दम आला!"

मी नुसता अंगठा चोळत बसले.